ऊस वाढला की रेंज जाते

रस्त्यावर ऊस सांडलेला दिसायला लागला की आमच्या भागात कुणाला कॅलेंडर बघावं लागत नाही. बोरगावच्या वळणावर ट्रॅक्टर हेलकावा खातो, मागच्या ट्रॉलीतली कांडी घरंगळतात, मागून येणारा मोटारसायकलवाला एखादं उचलून घेतो आणि उरलेली चाकांखाली चेंगरतात. दुपारपर्यंत डांबराला चिकट, आंबूस वास सुटतो. कुठंतरी पाचट पेटवलेलं असतं, त्याची काळी राख वाळत घातलेल्या कपड्यांवर अलगद येऊन बसते. झटकली तर डाग पडतो, फुंकली तर उडून जाते. हे मला लग्नानंतर इथं आल्यावर कळलं.

संध्याकाळी मी क्लास घ्यायला बसते तेव्हा नेमका खिडकीखालून ट्रॅक्टर जातो. त्याच्या कर्ण्यावरचं गाणं इतकं मोठं असतं, की लॅपटॉपच्या पडद्यावरचे सगळे चेहरे एकदम हसतात. काल नव्या बॅचमधल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमच्याकडं लग्न हाय काय?"

"न्हाय गं," मी म्हटलं, "ऊस चाललाय."

मी नेटवर्किंग शिकवते. बेळगावातल्या एका खासगी संस्थेच्या ऑनलाइन बॅचेस असतात. पहिल्या भागाचं नाव 'लोकल आणि वाइड एरिया नेटवर्कची ओळख'. शिकायला येणारी मुलं दिवसभर काहीतरी करत असतात. कुणी मोबाइलच्या दुकानात असतं, कुणी डिप्लोमा अर्धवट सोडलेलं, कुणी लहान बाळाला झोपवून कॅमेरा बंद ठेवून ऐकणारी. क्लास मराठीत सुरू होतो, शंका कन्नडमध्ये येतात आणि उत्तरं इंग्रजी शब्दांचा हात धरून दोन्हीकडं जातात. यात कुणालाच काही वेगळं वाटत नाही.

ऊस चालला की मला इथला माझा पहिला हंगाम आठवतो. त्या वर्षी मी हे काम सोडणार होते.

माझं माहेर बेळगावातलं अनगोळ. लग्नाआधी मी याच संस्थेच्या लॅबमध्ये शिकवायची. ती एक थंड, बंद खोली होती. नव्या केबलच्या प्लास्टिकचा वास, भिंतीवरच्या स्विचमधले लुकलुकणारे दिवे आणि वायरच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवायच्या पकडीचा कट्कट् आवाज. केबलमधल्या बारीक रंगीत तारा ठरलेल्या क्रमानं ओळीत लावायच्या असतात. एक जरी चुकली तरी दिवा लागत नाही. पहिल्यांदा दिवा लागतो तेव्हा मुलांच्या तोंडावर जे येतं, त्यासाठी मी ती नोकरी करत होते.

लग्न ठरलं ते बोरगाव आणि निपाणीच्या मधल्या एका मळ्यात. आमच्यासारखंच जैन घर, शेतीवर उभं राहिलेलं. नवऱ्याचं नाव सन्मती. त्याचं निपाणीच्या रस्त्याला ठिबकच्या पाइपांचं आणि मोटारींच्या सामानाचं दुकान. सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्ती म्हणायची आमच्याकडची रीत. मामा कमी बोलणारे, दिवसभर रानात. आत्तींचं माहेर चिकोडीच्या पलीकडचं, त्यामुळं त्यांची मराठी कन्नडच्या अंगानं चालायची आणि राग आला की पूर्ण कन्नडच व्हायची. संस्थेनं मला ऑनलाइन शिकवायची परवानगी दिली आणि मी एक लॅपटॉप, एक राउटर आणि केबलचं एक वेटोळं घेऊन या घरात आले. आत्तींनी ते वेटोळं बघून विचारलं होतं, "ह्यात काय पाणी जातंय?"

दुकानावर फायबरची चांगली लाइन होती. मळ्यात काहीच नव्हतं. मोबाइलची रेंज जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं राहिलं तर यायची आणि वारा सुटला की जायची. फायबरवाल्यानं हात जोडले. एका घरासाठी एवढ्या लोकांच्या बांधावरून तार ओढणं त्याला जमणार नव्हतं. मग मी आणि सन्मतीनं दुकानाच्या छतावर एक आणि घराच्या छतावर एक अशा दोन पांढऱ्या, पसरट डिश लावल्या. अशा डिशना तार लागत नाही. फक्त एकीला दुसरी दिसायला हवी. मधे काही आलं की संपलं.

ते माघाचे दिवस होते. घरासमोरच्या रानात नुकतीच उसाची लावण झाली होती. काळी जमीन, ओल्या सऱ्या आणि त्यात बोटभर हिरवे कोंब. छतावरून दुकानाची पाण्याची टाकी स्पष्ट दिसायची. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले आणि दुकानातल्या राउटरला हाक मारली. आमच्या भाषेत त्याला पिंग म्हणतात. एक छोटा निरोप पाठवायचा, 'आहेस का?' आणि उत्तराची वाट बघायची. उत्तर आलं. लगेच दुसरं, तिसरं. खालून सन्मती ओरडला, "आलं काय?" मी जिन्यात धावत गेले ती अजून नवी नवरी होते हे विसरूनच.

त्या उन्हाळ्यात सगळं सुरळीत होतं. संध्याकाळी सहाला क्लास. आमच्याकडं सूर्यास्ताच्या आधी जेवायची पद्धत, त्यामुळं आत्ती मला आधीच ताट वाढून द्यायच्या आणि मी हात धुऊन तशीच लॅपटॉपपुढं बसायची. त्या दाराशी शेंगा फोडत नाहीतर लसूण सोलत ऐकत बसायच्या. ऐकायच्या की नुसत्या बसायच्या, मला कळायचं नाही.

एकदा क्लास संपल्यावर त्यांनी विचारलं, "रोज लॅन लॅन म्हणतीस, ते काय असतंय गं?"

मी म्हटलं, "आत्ती, आपला लॅपटॉप, ह्यांचा फोन, गोठ्यातला कॅमेरा, सगळे ह्या डब्याला जोडलेत. ते एकमेकांशी बोलतात ते आपल्याच हद्दीत. वायर आपली, डबा आपला. बाहेरची लाइन बंद पडली तरी गोठ्यातली म्हैस मला हितं दिसणार. ती लॅन."

"आनि दुसरं?"

"वॅन. मला बेळगावशी बोलायचं, खानापूरशी बोलायचं, तर हद्दीबाहेर जायला लागतंय. तिथली तार आपली नसते. दुसऱ्याची असते, आपण ती वापरायला घेतो."

त्यांनी शेंगांची टरफलं पदरात गोळा केली. "म्हंजे गोठ्यातनं दूध घरात आणाय कुणाला इच्यारायला नको. डेरीला घालायचं म्हटलं की दुसऱ्याच्या बांधावरनं जायाला लागतंय."

"तसंच."

"मग त्यो डबा काय करतोय?"

"कुठलं काय कुठं जायचं ते ठरवतो. घरातलं घरात ठेवायचं, बाहेरचं बाहेर पाठवायचं."

"सासू म्हण की," त्या म्हणाल्या आणि स्वतःच मोठ्यानं हसल्या. मामा ओट्यावर बसले होते. तेसुद्धा हसले, पण तोंड दुसरीकडं करून.

घराच्या आतल्या नेटवर्कबद्दल मला पहिल्यापासून एक गंमत वाटत आलीय. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतो आणि हे आतले पत्ते गावोगाव, घरोघर बहुतेक सारखेच असतात. प्रत्येक घरात एक आण्णा आणि एक आक्का असतात, तसे. त्या घरात ते पुरतात. बाहेर गेल्यावर मात्र त्या नावानं कुणी ओळखत नाही, तिथं सगळ्या घराचा मिळून एकच पत्ता चालतो. अनगोळात मी एक होते, इथं दुसरीच झाले. इथं मी सन्मतीची बायको, मामांची सून. माझ्या नावानं मला हाक मारणारे लोक संध्याकाळी सहा वाजता पडद्यावर यायचे. ते यायचे म्हणून मला इथं कधी परकं वाटलं नाही. हे तेव्हा मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंही वाटलं नव्हतं.

पाऊस चांगला झाला आणि ऊस सुटला. उसाचं वाढणं बघत बसलं तर दिसत नाही, पण चार दिवस माहेरी जाऊन आलं की अंगणातून समोरचा बांध दिसेनासा झालेला असतो. आधी दुकानाची भिंत गेली, मग पत्रे गेले, मग टाकीचा खालचा भाग. पानं एकमेकांवर घासून रात्रंदिवस सळसळ चालायची. मामा सकाळी रानातून येऊन पाय धुताना म्हणायचे, "औंदा ऊस लई झ्याक आलाय." घरात सगळे खूश. मी छतावर जाऊन पिंग करायची. उत्तरं उशिरा यायला लागली होती, काही येतच नव्हती. ज्या वाढीनं घर आनंदात होतं, त्याच वाढीनं माझी वाट बुजत होती आणि तसं म्हणायची सोय नव्हती. उसावर रुसून चालत नाही.

क्लासमध्ये मुलं म्हणायची, "मॅडम, आवाज तुटतोय." लांबच्या प्रवासाला निघालेला निरोप अखंड जात नाही. त्याचे तुकडे होतात, प्रत्येकावर पत्ता असतो, आणि पोचल्यावर ते जागच्या जागी जोडले जातात. एखादा तुकडा हरवला तर परत मागवता येतो, पण बोलणं चालू असताना मागवायला वेळ कुठला? तेवढी फट तशीच राहते. माझ्या बोलण्यात फटी पडायला लागल्या. चिकोडीची भारती नावाची एक मुलगी होती. ती प्रत्येक फटीनंतर शांतपणे विचारायची, "मॅडम, 'म्हणून' च्या पुढचं सांगा."

सन्मतीनं दुकानातला उंच पाइप आणून छतावर खांब उभा केला. उंचीवर डिशला टाकी दिसली, पण वारा आला की खांब डुलायचा आणि डिश भलतीकडंच बघायची. आषाढातल्या एका वादळी दुपारी तो पूर्ण वाकला. मग पाऊस लागून राहिला, ओल्या पानांची भिंत झाली आणि एके दिवशी पिंगला काहीच उत्तर आलं नाही.

मी दुकानात जाऊन शिकवायला लागले. मळ्याच्या वाटेवर चिखल असायचा, स्कूटर घसरायची. दुकानाच्या मागच्या बाजूला पाइपांच्या भेंडोळ्यांमध्ये एक स्टूल मांडलं होतं. वर पत्रा, त्यावर पाऊस. मी राउटर आणि स्विचमधला फरक सांगत असताना गिऱ्हाईक आत डोकं घालून विचारायचं, "मोटारीचा फूटव्हॉल हाय काय वो?" मुलं हसायची. खानापूरकडच्या एका खेड्यातला नागेश म्हणायचा, "मॅडम, त्यांना आधी फूटव्हॉल द्या, आम्ही थांबतो."

त्यातच मला दिवस राहिले होते. सुरुवातीला स्कूटरवरून जाणं चालूच होतं. पोट दिसायला लागल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, खड्ड्यांतून स्कूटर नको. सन्मती गाडीनं न्यायला लागला, पण त्याला दर संध्याकाळी जमायचं नाही. एकदा चिखलात गाडी रुतली आणि मी चालत घरी आले, साडी गुडघ्यापर्यंत भरलेली. आत्तींनी बादलीत गरम पाणी ओतलं. माझ्या पायांकडं बघत म्हणाल्या, "सोड की आता. काय नडलंय? खायाला कमी हाय काय घरात?"

त्यांचं चूक नव्हतं. पण पाणी पायांवर घेताना मला रडू आलं आणि ते पाण्याबरोबर गेलं.

त्याच सुमारास संस्थेतून फोन आला. व्यवस्थापक चांगले गृहस्थ होते, आवाज मऊ ठेवून म्हणाले, "मॅडम, मुलांची तक्रार नाही, पण क्लास सारखा तुटतोय. दिवाळीनंतर ही बॅच दुसऱ्या कुणाला देऊ या का? बाळ मोठं झालं की बघू." बाळ मोठं झालं की बघू, हे वाक्य मी लग्न होऊन गेलेल्या माझ्या मैत्रिणींबद्दल ऐकलं होतं. त्यानंतरचं काही ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "दिवाळीपर्यंत द्या मला."

रात्री जेवणं आधीच झालेली असायची, त्यामुळं सगळे ओट्यावर बसायचे. मी सन्मतीला फोनबद्दल सांगितलं. मामा पलीकडं तंबाखूच्या रोपांना पाणी द्यायच्या पाळीचा विचार करत बसले असावेत. त्यांनी ऐकलं की नाही, तेव्हा कळलं नाही.

दोन-तीन दिवसांनी सकाळी समोरच्या रानातून कोयत्यांचा आवाज यायला लागला. कारखाने सुरू व्हायला अजून अवकाश होता, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या नव्हत्या. मी अंगणात जाऊन बघितलं. आमची चार माणसं उसात शिरली होती आणि मामा बांधावर उभे होते. आत्ती म्हणाल्या, "बेण्याला तोडतायत. पलीकडच्या रानात नवी लावण करायची हाय न्हवं."

बेण्याला ऊस दरवर्षीच तोडतात. कोवळ्या उसाची कांडी करून ती पुन्हा लावायची. पण बेणं नेहमी विहिरीकडच्या कोपऱ्यातलं घेतात, कारण तिथून गाडी भरायला सोपं पडतं. या वेळी माणसं घरासमोरूनच शिरली होती. दुपारी मी छतावर गेले तर हिरव्या उसात एक सरळ पट्टा पडत चालला होता. पट्ट्याच्या दोन टोकांना बांबू रोवले होते आणि त्यांना लाल फडकी बांधली होती. मामा एका बांबूमागं डोळा लावून दुसरा बघत होते आणि हातानं खूण करत होते, "डावीकडं सरक रं. आनि थोडं."

पट्ट्याच्या शेवटी मला पाण्याची टाकी दिसली.

मी तिथंच बसून राहिले. मग सन्मती आला, आम्ही वाकलेला खांब सरळ करून डिश वळवली आणि पिंग केलं. काही नाही. पुन्हा वळवली. उत्तर एक यायचं, चार जायची. मामा वर आले. त्यांनी डिशकडं बघितलं, मग पट्ट्याकडं बघितलं. त्यांनी पट्टा आखला होता तो जिन्याच्या खोलीच्या कोपऱ्यावरून, आणि आमची डिश होती छताच्या दुसऱ्या टोकाला. तिथून बघितलं की पट्ट्याची एक कड आडवी येत होती.

"चुकलं की वो," सन्मती म्हणाला.

मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "ऊस काय परत उभा ऱ्हाणार न्हाय," ते म्हणाले. "खांब हलीव की."

खांब हलवला. जिन्याच्या खोलीच्या कोपऱ्याला पट्ट्या ठोकून बसवला. पहिलं उत्तर आलं, दुसरं आलं आणि मग पाऊस पडायला लागावा तशी ओळीवर ओळ यायला लागली. मी मामांकडं वळून काही म्हणणार होते. ते जिना उतरत होते. उतरता उतरता म्हणाले, "बेण्याला तोडायचाच हुता."

त्यावर माझ्याशी ते पुन्हा कधी बोलले नाहीत आणि मीही नाही. आता त्या पट्ट्यात ते ऊस लावत नाहीत. भुईमूग, सोयाबीन, कधी तंबाखू. कुणी विचारलं तर सांगतात की तिथली जमीन उसाला मानवत नाही.

दिवाळी झाली, बॅच माझ्याकडंच राहिली. थंडी पडली, सूर्य लवकर बुडायला लागला आणि आत्तींनी माझं ताट अजून आधी वाढायला सुरुवात केली. 'सोड' हा शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही, पण मागंही घेतला नाही. लसूण सोलत दाराशी बसायच्या. मला वाटायचं, सासऱ्यांनी ऊस तोडला म्हणून त्या गप्प आहेत, मनातून त्यांचं मत तेच आहे. घरात एखादी गोष्ट ठरून गेल्यावर बायका जशा गप्प बसतात, तशा.

बाळंतपणाला मी अनगोळला जायची होते. बॅग भरलेली होती. पण दिवस भरायच्या बऱ्याच आधी, एका संध्याकाळी क्लास नुकताच सुरू झाला असताना कळ आली. मी मुलांना म्हटलं, "एक मिनिट," आणि उठले. उठल्यावर कळलं की हे मिनिटाचं काम नाही. नशिबानं सन्मती घरात होता. मामा नव्या लावणीत पाणी पाजायला गेले होते. आत्तींनी मला धरून गाडीत बसवलं, माझ्या आईला फोन करायला सांगितला आणि म्हणाल्या, "मामास्नी घिऊन मी मागनं येतेच. भिऊ नको."

लॅपटॉप तसाच चालू राहिला. आणि माझ्या हातातला फोनसुद्धा. शिकवताना मी नेहमी फोनवरूनही क्लासमध्ये यायची, मुलांना आपण कसे दिसतो ते बघायला. गाडी मळ्याच्या वाटेला लागली तसं घरचं वायफाय सुटलं आणि फोन मुका झाला. डांबरी रस्त्याला लागल्यावर त्यानं स्वतःच मोबाइलची रेंज पकडली आणि माझ्या मांडीवरून नागेशचा आवाज आला, "मॅडम? मॅडम, ऐकू येतंय काय?"

मी बोलणार एवढ्यात दुसरी कळ आली. ती ओसरली तेव्हा पडद्यावर एक कपाळ होतं. फक्त कपाळ आणि कुंकू. आत्ती लॅपटॉपच्या अगदी जवळ गेल्या होत्या.

"मॅडम न्हाईत," त्या ओरडून बोलत होत्या, लांबच्या माणसाशी बोलावं तसं. "पोटात दुखाय लागलंय. निपाणीला नेलंय."

मग भारतीनं विचारलं, "आजी, मग आम्ही क्लास बंद करू?"

"बंद? बंद कशाला करताय?" आत्तींचा आवाज चढला. "तिनं आख्खा पावसाळा चिखल तुडीवलाय तुमच्यापायी. पोटात प्वार घिऊन. मी सोड म्हनलं तरी सोडलं न्हाय. पाय धुताना रडत हुती, मला काय कळत न्हाय व्हय? पर दुसऱ्या दिशी परत उभी. आनि तुमी बंद करताय!"

सन्मती गाडी चालवत होता. त्यानं फोनकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी त्याला खुणेनं म्हटलं, रस्ता बघ.

"न्हाय बंद करत आजी," नागेश म्हणाला.

"हां." त्या जरा मागं सरकल्या असाव्यात, कारण आता कपाळाखाली डोळेही दिसले. ते पुसत होत्या. मग एकदम आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "ऊटा आतेनु?"

"आत्रि," भारती म्हणाली. कुणी म्हणालं, जेवलो आजी. कुणी म्हणालं, अजून न्हाय. मग त्या एकेकाला विचारत गेल्या, तू कुठला, घरात कोण कोण हाय, एवढ्या उशिरा का जेवतोस. शिरगुप्पीच्या एका मुलाच्या मावशीची त्यांना ओळखसुद्धा निघाली. समोरून उसाची रिकामी ट्रॉली आली, गाडी कडेला घेऊन थांबावं लागलं, कर्ण्यावरचं गाणं आमच्या काचांवर आदळून गेलं, आणि त्या गोंगाटातही मी फोन कानाला लावून आत्तींचं ते विचारणं ऐकत होते. कळ आली की फोन मुठीत घट्ट धरायची. आवाज तुटला नाही.

थोड्या वेळानं मामांचा आवाज आला, "चल की, कुणासंगं बोलायलीस?" आणि आत्ती म्हणाल्या, "पोरं हाईत सुजाताची. थांबा जरा." मग पुन्हा कपाळ मोठं झालं. "उद्या ह्याच टायमाला या. काय झालं ते सांगते."

मुलगी झाली. पहाटे, मला आणि सगळ्यांनाच दमवून. लहान होती पण रडली मोठ्यानं. आईही तोवर बेळगावहून पोचली होती. आत्तींनी नातीचं तोंड बघितलं, तिच्या तळपायाला बोट लावलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं काही म्हणतील. त्या म्हणाल्या, "नीज जरा."

दुपारनंतर त्या घरी गेल्या. म्हशींची धार होती. संध्याकाळी मी जागी झाले तेव्हा खोलीत उजेड कमी झाला होता आणि बाळ माझ्या कुशीत होतं. सहा वाजत आले होते. मी फोन घेतला, आवाज बंद ठेवला आणि क्लासमध्ये शिरले. लॅपटॉप कालपासून तसाच उघडा होता. झाकण लावलं तर काही मोडेल म्हणून त्यांनी त्याला हात लावला नव्हता, हे मला सन्मतीनं नंतर सांगितलं. पडद्यावर आमची खोली दिसत होती आणि खुर्चीवर आत्ती बसल्या होत्या. सणाला नेसायचं इरकल नेसलेल्या, केस चापून बांधलेले. एकही मूल गैरहजर नव्हतं. कालपर्यंत कॅमेरा बंद ठेवणाऱ्यांनीसुद्धा तो चालू केला होता.

"मुलगी झाली," आत्ती म्हणाल्या. "दोघी बऱ्या हाईत."

सगळ्यांनी एकदम माइक उघडले. कुणाचं काय, काही कळेना, नुसता कल्ला. कुणाच्या तरी घरातली आई मागून विचारत होती, काय झालं रं? आत्ती हात वर करून थांबा थांबा म्हणत होत्या, पण थांबवायची त्यांची इच्छा दिसत नव्हती.

कल्ला ओसरल्यावर नागेशनं विचारलं, "आजी, मॅडम परत कधी येणार?"

"येईल की. सव्वा म्हैना तरी तिला उठू देणार न्हाय मी." त्यांनी पदर सावरला आणि खुर्ची पुढं ओढली. "तवर मी बसते हितं रोज. तुमी शिकलाय ते मला सांगा. पयल्यापास्नं सांगा, घाई करू नका. मला मराठी वाचाय येत न्हाय, तवा त्वांडानंच सांगायचं."

मग भारतीनं घसा साफ केला आणि कन्नडमध्ये सांगायला सुरुवात केली.